चिऊताईने दार लगेच उघडलं तर गोष्टीचं काय होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी पाच वर्षांची, शाळेत गोष्ट सांगायची स्पर्धा आहे, विषय 'मैत्री', आणि घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट चिऊ-काऊची. पण हल्ली ती मध्येच थांबवते आणि म्हणते चिऊ वाईट आहे, काऊला पावसात भिजत ठेवते. म्हणून तुम्हाला गोष्ट नव्याने, मजेशीर करून लिहायचीये, ज्यात चिऊ पहिल्याच हाकेला दार उघडते आणि दोघं आत बसून काहीतरी गंमत करतात. आणि आजींचं म्हणणं की असल्या गोष्टींना हात लावायचा नसतो, आम्ही हीच ऐकून मोठे झालो, आम्हाला काय झालं.

मी बरीच वर्षं लहान मुलांना गोष्टी सांगण्याचं काम करते, बालवाड्यांमध्ये, वाचनालयांमध्ये, आणि अंगणवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणातही ही एक गोष्ट घेऊन आम्ही पूर्ण सकाळ घालवतो, त्यामुळे यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या कल्पनेची परीक्षा करू. मोठ्याने म्हणून बघा. पाऊस आला, काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, काऊ चिऊकडे गेला, चिऊताई चिऊताई दार उघड, ये रे काऊ ये आत. संपली. आता पुढे तुम्ही काय करणार? भजी तळणार, पत्ते खेळणार, टीव्ही लावणार. मी अशी 'सुधारलेली' चिऊ-काऊ कितीतरी ठिकाणी ऐकलीये आणि प्रत्येक वेळी मुलं साधारण याच जागी चुळबुळ करायला लागतात, कुणाला शू लागते, कुणी शेजारच्याच्या बुटाची लेस सोडवायला घेतं. कारण ही गोष्ट उभीच आहे त्या 'थांब'वर. थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब अंग पुसते, थांब तीट लावते. आपल्याकडच्या लहान मुलांच्या जुन्या गोष्टी बघा, म्हातारीचा भोपळा 'टुणूक टुणूक' करत जातो, टोपीवाला उंदीर 'ढुम ढुम ढुमाक' करत राजाला चिडवतो, सगळीकडे एकच ओळ फिरून फिरून येते आणि मूल त्या ओळीची वाट बघतं. तीच काढली तर राहते ती बातमी. पावसात घर कोसळले, शेजारणीने आसरा दिला.

मग मुलगी म्हणते ते चूक आहे का? अजिबात नाही. तिने अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय, फक्त आपण मोठे लोक त्याचा अर्थ पटकन 'चिऊला चांगलं करा' असा लावतो. माझा अनुभव असा की पाच वर्षांच्या मुलाला चिऊच्या चांगल्या-वाईटाशी फार देणंघेणं नसतं, त्याला काऊची काळजी असते, आणि काळजी का तर काऊ म्हणजे ते स्वतः. आपण समजतो मूल त्या घरातल्या बाळाच्या जागी आहे, छान पुसलेलं, पावडर लावलेलं. पण खेळ घेताना विचारा कोण कोण काऊ होणार, सगळे हात वर. दार वाजवायला सगळ्यांना आवडतं. आणि विचार करा ना, दिवसभर 'थांब' कुणाला ऐकायला लागतं? थांब फोनवर आहे, थांब कुकर उतरवते, थांब गाडी पार्क करू दे. पाच वर्षांच्या माणसाचं आयुष्य बंद दारासमोर उभं राहण्यात जातं हो. त्यामुळे ती ओळ ती एवढ्या जोरात म्हणते, आणि त्यामुळेच तिला राग पण येतो.

म्हणजे अडचण चिऊच्या स्वभावाची नाहीच. आपण गोष्ट सांगताना कायम घराच्या आत बसलेलो असतो, ही अडचण आहे. आंघोळ, तीट, झबलं, सगळं आतलं. बाहेर काऊ काय करतोय? प्रशिक्षणात मी ताईंना हा प्रश्न विचारते तेव्हा शांतता पसरते, कारण आजवर कुणी काऊकडे बघितलेलंच नसतं, तो फक्त दार वाजवायचं मशीन. मुलांना विचारलं की मात्र उत्तरांचा पाऊस. तो शिंकतोय. तो पाय वर करून उभा आहे कारण खाली चिखल आहे. त्याने बेल शोधली पण बेल नाहीये. तो वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये जाऊन बसला (हे फ्लॅटमधलं मूल). विनोद तिथे आहे, दाराच्या बाहेर, आणि आपण तो वर्षानुवर्षं भिजत ठेवलाय.

आता आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते, कारण सरसकट एकच उत्तर नाही.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण घरात नवीन बाळ आलंय का? धाकटं भावंड? असेल तर हे वाक्य परत वाचा: 'थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.' तिच्या दृष्टीने ही गोष्ट नाही, ती रोज सकाळची बाथरूमसमोरची घटना आहे. अशा घरात 'चिऊ वाईट आहे' चा अर्थ वेगळा असू शकतो आणि मग स्पर्धा वगैरे बाजूला ठेवून काही दिवस तिला घरात काऊ न ठेवता चिऊ करा, तिच्या हातात बाहुली द्या आणि तुम्ही दाराबाहेर उभे रहा. खरंच बाहेर, बेडरूमचं दार लावून. तिला तुम्हाला 'थांब' म्हणू द्या, मनसोक्त म्हणू द्या. मुलं एवढी खुश होतात या खेळात की मोठ्यांनाच कंटाळा येतो, पण येऊ दे.

दुसरं वयाचं. तीन वर्षांच्या मुलाला फक्त ती ओळ पुरते, त्याच्यासाठी काहीच बदलू नका, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तेच तुम्हाला रागावेल. पाच-सहा वर्षांना बाहेरचा काऊ आवडतो. सात-आठच्या पुढे वकील तयार होतात. ते म्हणतात कावळा काटक्यांचं घर बांधतो, शहरात तर तारेचे तुकडे पण वापरतो, चिमणी भिंतीच्या भोकात नाहीतर मीटरच्या पेटीमागे राहते, शेण आणि मेण कुठून आणलं? आणि त्यातला एखादा हळूच म्हणतो, पण कावळा तर चिमणीची अंडी खातो ना, पिल्लं पण उचलतो. खातो. ते खरं आहे. मग चिऊ दार उघडत नाही यात तिचं काय चुकलं?

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते जी तुम्हाला आजींशी बोलताना पण उपयोगी पडेल. पंचतंत्राचं दुसरं तंत्र, मित्रसंप्राप्ती, त्यात लघुपतनक नावाचा कावळा आहे. तो बघतो की चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा आपल्या सगळ्या कबुतरांसकट जाळं घेऊन उडाला, हिरण्यक नावाच्या उंदराकडे गेला आणि उंदराने सगळ्यांचे पाश कुरतडले. कावळा एकदम इम्प्रेस. तो उंदराच्या बिळाशी जातो आणि हाक मारतो, बाहेर ये, मला तुझ्याशी मैत्री करायचीये. उंदीर आतून म्हणतो, तू खाणारा, मी खाद्य, आपली कसली मैत्री, निघ. कावळा जात नाही. तो म्हणतो मग मी इथेच तुझ्या दारात उपाशी बसून जीव देतो. उंदीर आतून त्याच्याशी वाद घालतोय, शास्त्र सांगतोय, उदाहरणं देतोय, कावळा बाहेरून उत्तरं देतोय, आणि शेवटी कावळाच तोडगा काढतो की बरं, तुझा विश्वास नाही ना, तू तुझ्या किल्ल्यातच रहा पण माझ्याशी रोज गप्पा तर मार. उंदीर कबूल होतो, एका अटीवर, माझ्या बिळात पाऊल टाकायचं नाही. आणि तिथून जी मैत्री सुरू होते ती पुढे कासव आणि हरणापर्यंत पोचते.

बघितलंत? हीच चिऊ-काऊची गोष्ट आहे, तोच कावळा, तेच बंद दार, आतला जीव लहान आणि घाबरलेला. फरक एवढाच की तिथे दोघंही बोलतात. दार बंद ठेवूनसुद्धा मैत्री होते, बोलणं चालू असेल तर. आणि आता आपल्या चिऊकडे परत बघा, तिने एकदाही 'जा' म्हटलेलं नाही. प्रत्येक हाकेला उत्तर दिलंय. हाका मारून उत्तरच न येणं हे कितीतरी वाईट, हे कुठलंही पाच वर्षांचं मूल सांगेल.

तर मी सांगते ती चिऊ-काऊ साधारण अशी. लिहून पाठ करू नका, नुसता अंदाज घ्या.

एक होती चिऊ, एक होता काऊ. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. (इथे काही बदलायचं नाही, ही सही आहे गोष्टीची.) काऊचं काम काय, तर कुणाकडे पाहुणे येणार असले की त्यांच्या छपरावर बसून ओरडायचं, काव काव, पाहुणे येणार. सगळा गाव त्याच्या भरवशावर चहा टाकायचा. एक दिवस आला मोठा पाऊस, काऊचं घर गेलं वाहून. काऊ म्हणाला आता आपण चिऊकडे जाऊ. पण पंचाईत अशी, की पाहुणा येणार हे सांगायला काऊ लागतो, आणि आज काऊच पाहुणा. मग त्याने काय केलं, तो आधी चिऊच्या छपरावर बसला, काव काव, पाहुणे येणार! मग खाली उतरला, पंख झटकले, दार वाजवलं आणि म्हणाला, आले!

(इथे थांबा. हसू येऊन जाऊ दे.)

चिऊताई चिऊताई दार उघड.
थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.
घाल घाल. पाणी कोमट आहे ना?
आहे.
नशीबवान आहे बाळ. माझं फार गार आहे.

चिऊताई चिऊताई दार उघड.
थांब, बाळाचं अंग पुसते.
कानामागे नीट पूस हां, तिथे पाणी राहतं.
तुला काय माहीत?
माझ्या कानामागे आत्ता ओढा वाहतोय.

चिऊताई चिऊताई दार उघड.
थांब, बाळाला तीट लावते.
कशाला? दृष्ट लावायला आहे कोण इथे? मी एकटाच, आणि माझ्या डोळ्यांत पाणी गेलंय.

चिऊताई चिऊताई दार उघड.
थांब, बाळाला भरवते. हा घास चिऊचा... हा घास काऊचा...
काय म्हणालीस? काऊचा? अगं काऊ तर इथे बाहेर आहे! माझा घास कोण खातंय आत?
बाळ खातंय, तुझ्या नावाने.
रोज खातं?
रोज.
(इथे काऊ जरा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो) कशाचा असतो गं माझा घास?
वरणभाताचा.
तूप घालतेस का?

या जागेवर मुलं लोळतात, आणि मोठ्यांना काहीतरी होतं, कारण आपण प्रत्येकाने ते घास भरवलेत आणि खाल्लेत, आणि काऊला कधी कुणी विचारलं नाही की बाबा रे तुला तुझा घास मिळाला का.

मग शेवटचं. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, बाळाला झोपवते. पण बाळ काही झोपेना. चिऊने अंगाई म्हटली, चिव चिव चिव, बाळ टकटकीत जागं. चिऊ दमली. बाहेर काऊ पण दमला, त्याला वाटलं हे बाळ झोपल्याशिवाय आपलं काही खरं नाही, म्हणून तो भिंतीला टेकून बाहेरूनच गायला लागला, त्याच्या त्या आवाजात, का... का... का... (हे तुम्ही जितकं बेसूर आणि जितकं हळू म्हणाल तितकं चांगलं.) आणि बाळ झोपलं. चिऊला पटेना. तिने बाळाच्या तोंडासमोर पंख हलवून बघितला. खरंच झोपलं. ती धावत गेली, कडी काढली, दार उघडलं आणि म्हणाली, काऊ, ये, आत ये लवकर!

आणि काऊ म्हणाला, श्श... थांब!

बस. तिथे तुमची गोष्ट जिंकली. दार करकरतं, बाळ उठेल, थांब. आख्खी गोष्टभर जो शब्द चिऊचा होता तो काऊच्या तोंडात गेला, आणि मुलं अक्षरशः ओरडतात तेव्हा. मग चिऊच पानात दोन घास घेऊन बाहेर उंबऱ्यावर येते, पंखांचा आडोसा करते. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. आणि हा खरोखर काऊने खाल्ला. तूप होतं का? होतं.

तुमच्या लक्षात आलं असेल की काऊ शेवटपर्यंत आत गेलेलाच नाही. हे मुद्दाम आहे. मोठ्या मुलांबरोबर मग त्यावर गप्पा होतात, त्याला आत घ्यायला हवं होतं का, पिल्लू असलेल्या घरात चिमणीने कावळ्याला घ्यावं का, दार न उघडता अजून काय करता आलं असतं. एका मुलीने विचारलेलं, तिच्याकडे ओसरी नव्हती का? मला हे इतकं आवडलं! ओसरी म्हणजे छप्पर आहे पण घर नाही, काऊ कोरडा आणि बाळ सुरक्षित. आपल्या जुन्या घरांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता, मेणाच्या घरात फक्त ओसरी काढायची राहिली. लहान मुलं मात्र काऊ आत गेला नाही म्हणून तक्रार करत नाहीत, त्यांना त्याचा घास मिळाला हे पुरतं.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: 'थांब' ठेवा, काऊला बोलू द्या, आणि शेवटी 'थांब' उलटा करा. बाकी सगळं तुमच्या मर्जीने.

विनोदाबद्दल दोन गोष्टी मी अगदी कटाक्षाने पाळते. एक, काऊच्या रंगावर विनोद नाही. तो सगळ्यात सोपा असतो, तीट लावतानाच सुचतो, मी आख्खाच तीट आहे वगैरे, आणि हशा पण मिळतो. पण त्या हशात वर्गातली निम्मी मुलं वळून एका सावळ्या मुलीकडे बघतात, हे पुढे उभं राहिलं की स्पष्ट दिसतं. काऊ विनोदी आहे कारण तो चोंबडा आहे, आतल्या आंघोळीत नाक खुपसतो, भिजतानाही सल्ले देतो. रंगाची गरजच नाही. दुसरं, चिऊला कंजूष, नखरेल वगैरे करू नका. ती दमलेली आहे एवढंच. एकटी बाई, बाहेर वादळ, घरात तान्हं. मुलांना दमलेली आई अचूक ओळखू येते, आणि तिच्यावर हसण्यापेक्षा तिच्या बरोबर हसायला त्यांना जास्त आवडतं.

तव्याच्या शेवटाचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीये पण आजींचं व्हर्जन तेच असेल असा माझा संशय आहे. चिऊ शेवटी दार उघडते, कुडकुडणाऱ्या काऊला म्हणते जा तव्यावर बस, शेक घे, आणि काऊ बिचारा चटका खाऊन पळतो. काही घरांत काऊ आत शिरून पिल्लंच मटकावतो. दोन्ही शेवट जुने आहेत आणि दोन्हीत कुणाचा तरी हिशेब चुकता होतो. आजींना ते सांगू द्या, खरंच. आजी सांगत असताना मूल मांडीवर असतं, हात धरलेला असतो, चटका बसला तरी तो गोष्टीतला असतो. स्टेजवर, मैत्रीच्या विषयात, तीन मिनिटांत तो शेवट सांभाळणं अवघड. तेवढ्यासाठी वेगळा शेवट घ्या आणि आजींना तसं सांगा, की तुमचा काढून टाकलेला नाहीये, हा दुसरा आहे.

आणि 'गोष्टींना हात लावायचा नसतो' यावर आजींना पंचतंत्राचीच हकीकत ऐकवा. ही गोष्टींची पोथी 6व्या शतकात इराणात गेली, तिथे पहलवी भाषेत आली, मग 8व्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती अरबीत आणली, कलीला आणि दिम्ना या नावाने. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपले करटक आणि दमनक, ते दोन कोल्हे. आता आपल्याकडे पहिल्या तंत्रात काय होतं, दमनक सिंह आणि बैलाच्या मैत्रीत बिब्बा घालतो, बैल मरतो, आणि दमनक मस्तपैकी सिंहाचा मंत्री म्हणून राहतो. काही शिक्षा नाही! अरबी पुस्तकात मात्र पुढे एक आख्खं जास्तीचं प्रकरण आहे, दिम्नावर खटला चालतो, साक्षी होतात, त्याला शिक्षा होते. कुणाला तरी ते सहन झालं नाही, तुमच्या मुलीसारखंच, आणि त्याने कोर्ट बसवलं. हजार वर्षांपूर्वीपासून लोक हेच करत आलेत. आजींचं एका बाबतीत मात्र शंभर टक्के बरोबर आहे, 'चिऊताई चिऊताई दार उघड' या ओळीची चाल ज्या घरात जशी आहे तशीच ठेवायची. त्या चालीला हात लावलात तर मी आजींच्या बाजूने.

स्पर्धेसाठी थोडं व्यावहारिक. मुलीला दोन्ही आवाज काढायला लावू नका, पाच वर्षांची मुलं पटकन आवाज बदलताना गोंधळतात आणि मग काऊ चिऊच्या आवाजात बोलतो. तिला काऊ द्या. चिऊचं 'थांब' समोरच्या मुलांकडून घ्यायचं, सुरुवातीलाच सांगायचं की मी हात दाखवला की तुम्ही 'थांब' म्हणायचं. दोन वेळा झालं की ऑडियन्स आपोआप तयार होतं, आणि मग शेवटी जेव्हा ती स्वतः त्यांना 'श्श, थांब' म्हणते तेव्हा आख्खा हॉल गप्प होतो, आणि पाच वर्षांच्या माणसाला आख्खा हॉल गप्प करायला मिळणं ही चैन वेगळीच. कॉस्च्यूम शक्यतो नको, पंख लावले की मुलं पंखच सांभाळत बसतात, एक जुनी ओढणी डोक्यावर पुरे, पाऊस म्हणून. हाका पाचच ठेवा, त्यातला एखादा विसरली तरी काही बिघडत नाही, पण घासाची जागा आणि शेवटचा 'थांब' या दोन्ही पक्क्या हव्यात, मधलं मागेपुढे झालं तर चालतं.

आणि तात्पर्य सांगायला लावू नका प्लीज. बऱ्याच स्पर्धांमध्ये शेवटी 'या गोष्टीवरून आपल्याला काय शिकायला मिळतं' असं म्हणायची पद्धत आहे आणि मुलं ते एका दमात पाठ म्हणून पळतात. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला, आपल्याकडच्या बालशिक्षणाचा पाया तिथला, आणि त्या परंपरेत गोष्ट ही आधी आनंदासाठी असते, उपदेशाची गोळी गिळवायचं पाणी म्हणून नसते. शाळेचा नियमच असेल तर मुलीला आधी विचारा तिला काय वाटतं आणि ती जे म्हणेल ते तसंच बोलू द्या, मग ते 'काऊला तूप आवडतं' असलं तरी. मार्क जातील कदाचित, जाऊ दे.

एक धोक्याची सूचना. ही गोष्ट आवडली की मुलं दुसऱ्या दिवशी पुढचा भाग मागतात आणि तो सगळ्यांना एकच सुचतो, मे महिना आला, ऊन तापलं, चिऊचं मेणाचं घर वितळलं आणि आता चिऊ काऊच्या दारात. वकील मंडळी असतील तर सांगतील की मधमाश्यांचं मेण वितळायला 60 अंशांच्या वर तापमान लागतं, एवढं ऊन चंद्रपुरात पण नसतं. पण मेण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, त्यामुळे घर वितळलं नाही तरी वाकडं व्हायला हरकत नाही, दार चौकटीत बसेनासं झालं, खिडकी खाली आली, आणि तिकडे काऊचं नवीन शेणाने सारवलेलं घर गारेगार. इथपर्यंत मस्त जमतं. पुढे मोठे लोक हमखास बदला घेतात, आता बघ कसं वाटतं, आणि गोष्ट परत तव्यावर जाऊन बसते. मी इथे बोलणं बंद करून मुलांनाच विचारते, चिऊने दार वाजवलं, आता काऊ काय म्हणेल. बहुतेक जण आधी 'थांब'च म्हणायला लावतात, तो त्यांचा हक्क आहे, पण 'थांब' म्हटलं की कारण द्यायला लागतं, आणि काऊच्या घरात बाळ म्हणजे काय काय असू शकतं हे ज्याला माहीत आहे, म्हणजे कोकिळा आपली अंडी कुणाच्या घरट्यात घालते ते, ते मूल बरोबर पुढची ओळ काढतं: थांब चिऊताई, माझं बाळ सकाळपासून 'कुहू कुहू' करतंय, त्याचा घसा बसलाय का बघते मी!